बारा व्होल्टांचा संसार

हौशी रेडिओचा नाद लागलेला मनुष्य रात्ररात्र जागून, कानांना हेडफोन लावून, सातासमुद्रांपलीकडील कोणा अपरिचिताशी काय बोलत असेल, याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि आप्तेष्टांच्या मनांत जे गूढ आदराचे, क्वचित् संशयाचेही, वलय असते, ते तसेच राहू द्यावे अशी आमच्या पंथातील जाणत्यांची शिकवण आहे. कारण खरा प्रकार उघडकीस आला तर त्या आदराचा कणही शिल्लक उरावयाचा नाही. खरा प्रकार असा आहे की, आम्ही एकमेकांशी बॅटरीविषयी बोलतो. नाव, गाव आणि आवाज कितपत स्पष्ट येतो एवढी जुजबी जबानी उभयपक्षी झाली, की तिसऱ्या मिनिटाला पलीकडचा हळूच विचारतो, “ओल्ड मॅन, सेट कशावर चालवता आहात?” (आमच्यात सोळा वर्षांच्या पोरालाही ‘ओल्ड मॅन’ म्हणण्याचा प्रघात आहे, माझ्या बाबतीत आता तो प्रघात राहिला नसून वस्तुस्थिती झाली आहे.) ‘भिंतीतल्या विजेवर’ असे उत्तर आले, तर ‘सेव्हंटी-थ्री’, म्हणजे आमच्या बोलीतला रामराम, करून तो दुसऱ्या घरी जातो; ‘बॅटरीवर’ असे उत्तर आले, तर मात्र तासाची निश्चिंती.

याचे कारण असे की, भिंतीतील विजेवर चालणारा सेट हा पेन्शनीत निघालेल्या अव्वल कारकुनासारखा असतो. तो ठरल्या जागी बसतो, वेळच्या वेळी आहार घेतो, आणि कोणाच्या अडीअडचणीस धावून जाण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरले आणि २६ डिसेंबर २००४ रोजी सागराने अंदमानवर चाल केली, त्या वेळी टेलिफोन आणि वीज ही दोन्ही खाती एकदम बंद पडली असता निरोप पोचविण्याचे काम हौशी रेडिओवाल्यांनी केले. पोर्ट ब्लेअरला तर भारती प्रसाद यांची तुकडी निराळ्याच निमित्ताने, म्हणजे जगभरच्या हौश्यांना अंदमानचा दुर्मीळ संपर्क मिळवून देण्यासाठी, आधीच सेट मांडून बसलेली होती. या दोन प्रसंगांविषयी मला अंतःकरणपूर्वक आदर आहे; तथापि घरात मी त्यांचा दाखला इतक्या वेळा दिला आहे की, नवी बॅटरी घ्यावयाची झाली की मी भूज काढतो आणि नवा चार्जर घ्यावयाचा झाला की अंदमान, हे आता आमच्या सौभाग्यवतींना तोंडपाठ झाले आहे. मी नुसता घसा खाकरला तरी त्या विचारतात, “अहो, आता कुठं काय झालं?” माझ्या स्वतःच्या वाट्यास आजवर आलेली सर्वांत मोठी आपत्ती म्हणजे आळीतील ट्रान्सफॉर्मर उडून अडीच तास पडलेला अंधार. त्या दिवशी माझ्या तिन्ही बॅटऱ्या उतरलेल्या होत्या.

बॅटरी निवडणे हे वधूसंशोधनाहून बिकट काम आहे, कारण वधूसंशोधनात निदान समोरच्या पक्षाला आपण कशासाठी आलो आहोत हे ठाऊक असते. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली म्हणून जी अरुंद, पण विद्युत्सामग्रीच्या दृष्टीने अक्षय्य अशी गल्ली आहे, तीत मी प्रथम बॅटरी मागावयास गेलो, तेव्हा गल्ल्यावरच्या पोराने विचारले, “काका, कशाला पाहिजे? इन्व्हर्टरला, अलार्मला, का खेळण्यातल्या गाडीला?”

“रेडिओला,” मी म्हणालो.

“मग दोन पेन्सिल सेल बास की!”

त्या पोराचे चुकले नाही. जगात रेडिओसाठी म्हणून, विशेषतः आमच्या रेडिओसाठी म्हणून, जन्मास आलेली बॅटरी जवळजवळ नाहीच. जी आहे ती स्कूटरची आहे, संगणकाच्या यूपीएसची आहे, लॅपटॉपची आहे. आणि परक्या घरातील या मुलीस आपल्या घरच्या चालीरीती शिकवून नांदावयास लावणे, हाच हौशी रेडिओवाल्याचा खरा छंद होय. रेडिओ हे निमित्त.

मुळात कुंडली जुळत नाही ती येथे. आमच्या सेटाच्या पाठीवर ‘१३.८ व्होल्ट’ असे छापलेले असते, आणि १३.८ व्होल्टांची बॅटरी म्हणून त्रिभुवनात कोणी विकत नाही. शिशाच्या बॅटरीत सहा कोठड्या असतात, प्रत्येक कोठडी दोन व्होल्टांची, म्हणून तिला बाराची म्हणावयाचे. ती काठोकाठ भरली की १२.७ दाखविते, आणि मोटारीचे इंजिन चालू असले की आल्टर्नेटर तिला चौदाच्या आसपास रेटीत असतो. सेट घडविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती धावती मोटार होती. आम्ही मात्र तो सेट नेऊन ठेवणार डोंगरावरच्या धोंड्यावर, जेथे धावणारे असे फक्त माकड असते. कारखानदार मनाचा मोठेपणा दाखवून १५ टक्के कमीजास्त चालेल अशी सवलत देतो. हिशेब केला तर ती ११.७ पासून १५.९ पर्यंत भरते. या चार व्होल्टांच्या अरुंद ओसरीत आमचा सारा संसार मांडलेला आहे.

माझी पहिली बॅटरी शेजारच्या नानांच्या स्कूटरची, त्यांनी निकालात काढलेली. तिच्यात खरोखरीचे गंधकाम्ल डचमळत असे, आणि ती मांडीवर घेऊन, चिमटे लावून, मी एक रविवार मोठ्या आनंदात घालविला. गंधकाम्लाचा एक गुण पाठ्यपुस्तकात सांगत नाहीत. सुती कापडावर त्याचा थेंब पडला तर त्या दिवशी काहीही दिसत नाही; कापड शांत असते, आपण शांत असतो, आणि त्या विजारीची पहिली धुलाई झाली की जेथे जेथे थेंब पडला होता तेथे तेथे कापडाने इहलोक सोडलेला असतो. आमच्या सौ.नी ती विजार दोरीवर उजेडात धरली, तेव्हा तिच्यातून पलीकडचे पेरूचे झाड दिसत होते. आमच्या सांकेतिक बोलीत पत्नीस ‘एक्सवायएल’, म्हणजे ‘माजी तरुणी’, असे म्हणतात. हे नाव ज्या कोणी प्रथम योजिले त्याने ते घरी कधी फोडून सांगितले नसावे. मी सांगितले, आणि नेमके त्याच दिवशी.

त्यानंतर आली ती यूपीएसमधली, काळ्या डब्यातली, सीलबंद शिशाची बॅटरी. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तास, वजन दोन किलोंच्या वर. ‘सात अँपिअर-तास’ याचा अर्थ, एक तास सात अँपिअर द्यावेत, असा कोणीही सरळ बुद्धीचा मनुष्य करील, आणि फसेल. तो आकडा वीस तासांचा असतो. वीस तास बसून, पाव-अर्धा घोट करीत, ०.३५ अँपिअरने पिणाऱ्यास ती पुरे सात देईल; पण घटाघटा पिऊ पाहणाऱ्यास, म्हणजे ताशी सात मागणाऱ्यास, अर्ध्या-पाऊण तासात हात वर करील. जितकी घाई अधिक तितकी प्राप्ती कमी, हा नियम पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली गणिताने मांडला. ज्यांनी सरकारी कचेरीत कधी घाईने दाखला मागितला असेल, त्यांना तो गणितावाचूनही ठाऊक असतो. शिवाय या बॅटरीतील अर्धेच धन खर्चावे, उरलेले अनामत समजावे. तळ गाठला, आणि वर तशीच उपाशी ठेवून दिली, तर शिशावर गंधकाचे पांढरे क्षार चढतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत म्हणून नाही.

अशा दोन बॅटऱ्या, १०० वॅटचा सेट आणि वीस मीटर तारेची अँटेना घेऊन मी सिंहगडावर जावयाचे ठरविले. परवान्यासंबंधीचे सोपस्कार पुरे केले होते. बसमध्ये कंडक्टरने पायाने पिशवी सरकविण्याचा यत्न केला, ती जागची हलेना, तेव्हा त्याने खाली वाकून विचारले, “काका, पिशवीत काय, देव का?” बॅटरी म्हटल्यावर शेजारचे गृहस्थ उठून मागच्या बाकावर गेले, आणि मला एक सबंध बाक एकट्याला मिळाले. बॅटरीचा एवढा निर्विवाद लाभ मला पुढे कधी झाला नाही.

आतकरवाडीची वाट ज्यांनी चढली आहे त्यांस, पाठीवर शिसे असल्यास ती किती लांबते, हे मी सांगत नाही. दर वळणावर ताकवालीने “घ्या की बाबा, लई दमलाय” म्हणावे आणि मी घ्यावे, असे करीत वर पोचलो. तेथे दूरचित्रवाणीचा मनोरा आकाशात गेलेला आहे; त्याच्या पायथ्याशी बसून आपली तार बांबूला टांगताना, हत्तीखान्यासमोर शेळी बांधल्यासारखे वाटते. सेट लाविला, माईक तोंडाशी धरला, ‘सीक्यू, सीक्यू’ अशी सार्वजनिक हाक घालण्यास प्रारंभ केला, आणि दुसऱ्या ‘क्यू’ला सेट मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा ‘सीक्यू’, पुन्हा अंधार. मुख्य म्हणजे, गप्प असताना तो उत्तम चाले. मी बोलू लागलो की डोळे मिटी. या प्रकारच्या श्रोत्यांचा मला व्याख्यानांमुळे अनुभव आहे. परंतु यंत्राकडून ही अपेक्षा नव्हती. मध्ये एकदा चार शब्द कसेबसे निसटले, तेव्हा कोणीतरी उत्तर दिले, “ओल्ड मॅन, आवाज गहिवरल्यासारखा येतोय, घरी सगळं ठीक ना?”

त्यानंतर सहा महिने मी शिशाच्या नावाने बोटे मोडली. १८५९ साली प्लांते या फ्रेंच गृहस्थाने ही बॅटरी शोधली, तिला सुधारणा म्हणून कशी ती ठाऊक नाही, वगैरे जे जे बोलावयाचे ते बोललो. मग एका पावसाळी दुपारी, दुसरे काम नव्हते म्हणून, मल्टिमीटर घेऊन रीतसर पंचनामा केला. बॅटरीच्या खुंटीशी ११.९, दोन मीटर तारेच्या दुसऱ्या टोकाशी, सेटाच्या तोंडाशी, १०.४. दीड व्होल्ट वाटेत गडप! मांडववाल्याकडून मागून आणलेली ती एक चौरस मिलिमीटरची नाजूक तार, जाऊनयेऊन चार मीटर, आणि तिच्यातून वीस अँपिअर. पाटाचे पाणी शेताला पोचण्याआधी वाटेतच जिरावे तसे झाले होते, आणि तार ऊबदार लागत होती ती उगाच नव्हे. प्लांतेसाहेबांची मी मनोमन क्षमा मागितली.

जाड तार आणिली. ती जोडताना, दोन्ही पदर एकाच पांढऱ्या रंगाचे असल्याने, धन आणि ऋण यांची अदलाबदल होऊन फट्ट असा आवाज झाला, आणि बॅटरीलगत बसविलेल्या फ्यूजने आपला देह ठेवून सेट वाचविला. तेव्हापासून मी बॅटरीला फ्यूज आणि तारेला लाल-काळा रंग यांवाचून कोणाच्याही घरी पाणी पीत नाही.

पण खरा धडा निराळा होता. वीस अँपिअर मागितल्यावर कोणतीही पाठीवरची बॅटरी कुरकुरणारच; मागणेच कमी केले तर? आमच्यात पाच वॅट आणि त्याखाली बोलणाऱ्यांचा एक वारकरी संप्रदाय आहे. पाच वॅट म्हणजे देवघरातील छोट्या दिव्याइतकी शक्ती. बोलताना दोन अँपिअर, ऐकताना अर्ध्याहूनही कमी. यात बोलण्यापेक्षा ऐकणे स्वस्त पडते, आणि म्हणून या संप्रदायातील माणसे स्वभावाने ऐकून घेणारी असतात. मी शंभर वॅटचा सेट कपाटात ठेवून पाच वॅटची दीक्षा घेतली, आणि बॅटऱ्यांचे एक नवेच जग माझ्यापुढे उघडले.

दिवाळीत जावयाने सासऱ्यास भेट द्यावी हा उलटा न्याय; परंतु आमच्या जावईबापूंनी मला एक पॉवर बँक दिली. तिच्यावर ‘२०,०००’ असा आकडा होता. सात अँपिअर-तासांवर आयुष्य काढलेल्या मनुष्यास वीस हजार पाहून भोवळच यावी! मग ध्यानात आले की, हे मिली-अँपिअर-तास; म्हणजे वीस; आणि तेही आतल्या ३.७ व्होल्टांच्या सेलवर मोजलेले. बाराच्या भावाने रूपांतर केले तर सहाच्या आसपास, आणि त्यातून मधल्या यंत्राची दलाली वजा. जुन्या सावकारी वहीत मुद्दल रुपयांत आणि व्याज पैत लिहून कुळास जसे भुलवीत, त्यातलाच हा प्रकार. तरीही म्हटले, चालवून पाहू. पाचाचे बारा करणारी एक चिमुकली पट्टी जोडली. सेट सुरू झाला, आणि कानात कढईतील मोहरी तडतडावी तसा अखंड तडतडाट. ती पट्टी विजेचे क्षणाक्षणाला लक्षावधी तुकडे पाडून पुन्हा सांधीत होती, आणि त्या कापाकापीचा सारा कोलाहल मला ऐकू येत होता. पुढे मी पाच व्होल्टांचा एक लहानसा रेडिओ केवळ ऐकण्यासाठी तिला जोडून पाहिला. त्याचे खाणे इतके थोडे की पॉवर बँकेस वाटे, फोन भरला, आणि ती दर अर्ध्या मिनिटाने बंद होई. ती भेट आता ज्याच्यासाठी होती त्या फोनला लावितो.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत अठरा मिलिमीटर जाडीचे आणि पासष्ट लांबीचे नळकांड्यासारखे सेल असतात, त्यांचीही कथा अशीच. एकेक ३.६ व्होल्टांचा. तीन जोडले तर १०.८, म्हणजे तीन तिगाडा. भरलेले असताना १२.६ वर चार घटका गोड बोलतात आणि लवकरच ११.७ च्या उंबऱ्याखाली उतरतात. चार जोडले तर भरताना १६.८, म्हणजे सेट जळण्याची धास्ती. साडेतीन सेल जोडण्याची युक्ती कोणास सापडलेली नाही. तेव्हा चार सेल जोडून पुढे दोन डायोड एकामागे एक बसवावेत. प्रत्येक डायोड ०.७ व्होल्ट खातो, दोघे मिळून १.४, आणि १६.८ चे १५.४ होऊन भागते. हे डायोड मग अंगावर चटका बसण्याइतके तापतात, परंतु देवडीवरच्या पहारेकऱ्याने दोन पैसे खाल्ल्याशिवाय आत सोडू नये, हे आपल्याकडे नवीन नाही. एवढे मात्र सांगतो, की हे सेल उघडे जोडणे हा पोरखेळ नव्हे. आतला संरक्षक सर्किटचा तुकडा काढून टाकून शहाणपण करणाऱ्याच्या घरी मी जात नाही.

अखेरीस मी भूज आणि अंदमान दोन्ही एकदम काढले आणि लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी घेतली. चार कोठड्या, प्रत्येक ३.२, एकूण १२.८, सहा अँपिअर-तास, आणि वजन एक किलोहूनही कमी! शिशाची बॅटरी पहिल्या तासापासून उतरत जाते, कण्हते, कुंथते, व्होल्टमीटरवर रोजची रडगाणी गाते. ही बाई मात्र १३.२ वर जी स्थिर होते ती शेवटपर्यंत हूं की चूं करीत नाही. यात एक दोष आहे, आणि तो मी गडावरच शिकलो. शिशाची बॅटरी महिनाभर आधी राजीनाम्याची नोटीस देते. लिथियमची संध्याकाळी साडेपाचपर्यंत हसतमुखाने काम करते आणि पाच एकतीसला टेबल रिकामे. म्हणून तिच्यासोबत व्होल्टमीटर नको, खर्चाची वही हवी: किती वेळ ऐकले, किती वेळ बोललो, बाकी किती. मी चौथाई वेळ बोलतो असे धरले (सौ.च्या मते हे धरणे धाडसाचे आहे), तर सरासरी ०.८५ अँपिअर, म्हणजे सात तास.

गेल्या हिवाळ्यात ती घेऊन पुन्हा सिंहगड चढलो. पिशवी इतकी हलकी की, बसमध्ये कोणी उठून गेले नाही. मला उभ्यानेच जावे लागले. वर एका झोपडीच्या मालकिणीने पिठले-भाकरीच्या बोलीवर आपल्या आडोशाला बांबू टेकू दिला. सात मेगाहर्ट्झवर पाच वॅटची हाक घातली आणि तिसऱ्या हाकेला बेळगावहून एका गृहस्थाने, स्वच्छ मराठीत, उत्तर दिले. नाव, गाव, आवाज झाले. मी श्वास रोखून वाट पाहिली.

“ओल्ड मॅन,” ते म्हणाले, “सेट कशावर चालवता आहात?”

मी सांगू लागलो. लिथियम, लोह, फॉस्फेट, १३.२, मग शिसे, तार, दीड व्होल्ट, मग डायोड. मालकिणीने भाकरी आणून ठेवली, ती निवली, मांजराने पिठल्याची चौकशी केली. मग त्यांची पाळी आली. त्यांचाही सेट बॅटरीवरच होता, आणि बॅटरी साधी, शिशाची, स्कूटरची. स्कूटरमधून न काढताच, अंगणात उभ्या स्कूटरपासून खिडकीतून जाड तार आत घेतलेली. किती चौरस मिलिमीटर, असे मी विचारणार इतक्यात पलीकडे कोणाचा तरी आवाज आला, आणि ते घाईने म्हणाले, “ओल्ड मॅन, एक्सवायएलना मंडईत जायचंय, सेव्हंटी-थ्री!”

हौशी रेडिओवाल्याने प्रत्येक संपर्काची नोंद वहीत ठेवावी असा नियम आहे. त्याप्रमाणे मी लिहिले: ‘बेळगाव. आवाज उत्तम. कालावधी ४० मिनिटे. बॅटरी १३.१. संपर्क संपण्याचे कारण: स्कूटर बाजारात गेली.’